वरच्या मजल्याचा मीटर

मीटरच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं हळूच ढकललं. करकर होऊ नये म्हणून. आपल्याच बिल्डिंगमध्ये आपण चोरासारख्या वावरतोय हे तिचं तिला कळत होतं, पण लाजायला आत्ता वेळ नव्हता. वर घरात सासऱ्यांच्या नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी होती, आणि मशीन विजेवर चालत होतं.

काल संध्याकाळी घरोघरचे एसी एकदम सुरू झाले आणि वीज गेली. सासऱ्यांचे ओठ निळे पडले. घरात होता नव्हता तेवढा सिलिंडर कालच संपला. नवरा आज तो भरून आणायला गेला होता आणि तिकडे रांगेत अडकला होता. "काही झालं तरी बाबांचं मशीन बंद पडता कामा नये," असं तो फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाला. जसं काही विजेचं बटण बायकोच्या हातात होतं!

सकाळी वायरमननं तर हातच टेकले होते. "हा ट्रान्सफॉर्मर शेवटच्या घटका मोजतोय, ताई. संध्याकाळी सगळ्यांना एसी बंद ठेवायला सांगा. आज गेला तर आज परत यायचा नाही."

तिनं आधी स्वतःचा एसी बंद केला, खिडकीला ओली चादर बांधली आणि मग एकेक बेल वाजवत सुटली. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, आम्हाला पंखासुद्धा सोसत नाही." मधल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी तिच्यादेखत रिमोट कपाटात टाकला. राहता राहिला वरचा झेरॉक्सवाला. त्याच्या एसीचं पाणी हिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं, त्यावरून गेल्या उन्हाळ्यात ती त्याला नाही नाही ते बोलली होती. त्यानं नळी फिरवून घेतली, पण बोलणं संपलं ते संपलंच. जिन्यात गाठ पडली की दोघंही भिंतीकडे बघायचे. पण अडला हरी! तिनं त्याचीही बेल वाजवली.

त्यानं दार वीतभरच उघडलं. आतून कसली तरी घरघर ऐकू येत होती. तिचं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता तो म्हणाला, "ठीक आहे, बघतो." आणि दार लावून घेतलं.

त्या 'बघतो'वर तिचा विश्वास नव्हता. म्हणूनच ती आता खाली उभी होती. घरात वीज जास्त ओढली जात असली की मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, हे तिला नवऱ्यानं एकदा दाखवलं होतं. इतरांचे दिवे पेंगुळल्यासारखे मधूनच उघडमीट करत होते. वरच्या मजल्याचा मात्र नुसता धावत सुटला होता.

"एसीच," ती पुटपुटली. "मेल्याला माणूस मेलेला चालेल, पण स्वतःला घाम आलेला चालायचा नाही."

विजेच्या वस्तूला हात लावायची तिला लहानपणापासून धास्ती. तरीही तिनं डोळे मिटले, त्याच्या मीटरखालचा चिनीमातीचा फ्यूज धरला आणि ओढून काढला. धावणारा दिवा जागच्या जागी थांबला. फ्यूज ओढणीत गुंडाळून ती घरी आली.

मशीन चालू होतं. सासऱ्यांनी विचारलं, "कुठे गेली होतीस गं?"

"खाली. कचरा टाकायला."

संध्याकाळ पुढे सरकली. वीज होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण चोराच्या मनात चांदणं! झेरॉक्सवाला जिन्यावरून खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. फोनवर कुणावर तरी ओरडत होता. दर वेळी पावलं दारापाशी आली की ती ओढणीतला फ्यूज चाचपायची. नवऱ्याचा फोन आला. अजून दोन तास तरी लागतील म्हणाला.

मग वरून विचित्र आवाज येऊ लागला. काहीतरी जड, एकेक पायरी आपटत खाली येत होतं. ते तिच्याच दारापाशी थांबलं आणि दारावर थापा बसू लागल्या. त्याला कळलं, भांडायला आला, असं तिला वाटलं. तिनं कडी काढली नाही.

तेवढ्यात रस्त्यावर धाडकन आवाज झाला. सगळी गल्ली काळीठिक्कर पडली. मशीन किंचाळल्यासारखं वाजू लागलं, मग गप्प झालं. अंधारात सासऱ्यांची धाप तेवढी ऐकू येत होती.

"वहिनी, दार उघडा आधी!"

तिनं उघडलं. मोबाइलच्या उजेडात झेरॉक्सवाला घामानं निथळत उभा होता. त्याच्या मागे चाकांच्या गाड्यावर इन्व्हर्टर आणि बॅटरी. तो आत घुसला आणि त्यानं मशीनची पिन त्यात खुपसली. मशीन सुरू झालं. सासऱ्यांची छाती हळूहळू संथ झाली.

"दुकानातला आहे. काल बाबांना त्रास झाला कळलं, म्हणून आणला. तुम्ही आलात तेव्हा नुकताच चार्जिंगला लावला होता," तो दम खात म्हणाला. "बॅटरी जुनी. धरते की नाही बघावं आणि मग सांगावं म्हटलं. उगाच आशेला कशाला लावा? भार नको म्हणून आमचे पंखेसुद्धा बंद ठेवले होते."

तिनं विचारलं, "किती वेळ चालेल?"

"भरला असता तर रात्र निघाली असती, वहिनी. पण लावला आणि लगेच कुणीतरी खालून आमचा फ्यूजच काढून नेला. आता अर्धा तास. फार तर."