निंबाआडून

गाडीतून टोपी घातलेला पोरगा उतरला आणि रामीबाईनं हातातला कापूस तिथंच टाकला. बोंडअळीनं खाल्लेला कापूस, त्यातलं चांगलं ते वेगळं काढत ती अंगणात बसली होती. तांड्यात गाडी येते ती एक तर पुढाऱ्याची, नाही तर औषध विकणाऱ्याची. पण हा पोरगा तिच्याच दारातल्या निंबाकडे बोट दाखवत होता, ओळखीचा असल्यासारखा.

म्हातारी रामीबाई धावली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं टेकवलं आणि सुरात रडायला लागली. फार दिवसांनी माणूस घरी परतलं की तांड्यातल्या बाया त्याला अशाच भेटतात. गळ्यात पडून गाऊन रडतात, आणि त्या रडण्यातच मागचं सगळं सांगून टाकतात. कोण आजारी आहे, कोण गेलं, कोण वाट पाहतं आहे.

पोरगा किंचाळून मागे सरला. टोपी पडली. तो तिचा बादल नव्हता.

"सॉरी आजी, घाबरलो मी," तो म्हणाला. "मी प्रफुल्ल, ही मोनाली. पुण्याहून आलोय."

मोनालीच्या हातातला मोबाईल सगळं टिपत होता. "अरे, सेम टू सेम!" ती म्हणाली. "तोच निंब, तीच विहीर, आणि तीच..." पुढचं तिनं गिळलं.

मोबाईलवर एक खेळ आहे, प्रफुल्लनं सांगितलं. हजारो लोक खेळतात. त्यातलं गाव मुकुटबनजवळच्या या तांड्यावरून घेतलंय, म्हणून मुद्दाम बघायला आलो. बनवणाऱ्याचं नाव शेवटी येतं, बादल लालसिंग राठोड.

रामीबाईनं त्याचं मनगट धरलं. "माहा पोरगा हाये तो! कुठी हाये? कसा हाये?"

"आम्ही त्यांना कधी भेटलो नाही हो. नुसता खेळ खेळलोय."

"बापासंग भांडून गेला, नंबर बी बदलवला. आता बाप खाटेवर पडला. फवारणीचं औषध भिनलं त्याच्या आंगात, डोये गेले. डाक्टर म्हनते, घरी न्या."

घरातून लालसिंगचा आवाज आला, कोरड्या नरड्यातून कसाबसा निघालेला. "बादल आला नं?"

त्यानं रडणं ऐकलं होतं. ते रडणं कशाचं असतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. रामीबाईला हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

"येऊन राह्यला," ती दाराकडे पाहून म्हणाली. मग प्रफुल्लकडे वळली. "मले दाव तो खेळ."

त्यानं दाखवला. तिचंच अंगण, तिचाच निंब, मागं पांढरंफेक रान. निंबाआडून आरशांची चोळी घातलेली एक म्हातारी निघाली, हात पसरून, सुरात रडत. प्रफुल्लचं बोट फिरलं आणि खेळातला पोरगा रानात धूम पळाला.

"पयते काहून तो?"

"चेटकीण आहे ना ती. तिनं मिठी मारली की खेळ संपतो." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

रामीबाई आपल्या चोळीवरचे आरसे पाहत राहिली. खेळातल्या बाईच्या बाहीवरचा एक आरसा निखळलेला होता, तसा तिच्याही. तिचा पोरगा काही विसरला नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला, पण दोन्हीला आत्ता वेळ नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं आहे. अक्कल असते, मान तेवढा गहाण पडतो.

"बाई, तू हे जे मोबाईलमंदी धरलं, ते तो पाहीन का?"

"बघतील बहुतेक. खेळ बनवणारे बघतातच," मोनाली चाचरत म्हणाली. "पण मघाचं शूटिंग हललंय. आणि लोकांनी एकमेकांना पाठवलं तरच त्यांच्यापर्यंत पोचेल. तुम्ही जर... नको, जाऊ दे आजी."

"बोल नं."

"जर खेळातल्यासारख्या तुम्ही त्या झाडामागून आलात तर..."

रामीबाईनं पदरासारखी ओढणी तोंडावरून फिरवली. लालसिंगची हाक पुन्हा आली, पहिल्याहून बारीक. तिनं अंगणात पडलेली टोपी उचलली, झटकली आणि प्रफुल्लच्या डोक्यावर ठेवली.

"या बारीनं पयू नोको, बापू," ती म्हणाली. "मले त्याच्या बापाचं सारं सांगाचं हाये."

आणि ती निंबामागं गेली. आरशांची बाही तेवढी खोडाबाहेर दिसत होती, तीही तिनं आत ओढून घेतली.

"सांगजो, बाई," झाडाआडून आवाज आला. "कवा निघू?"