कठड्याची उंची

"यातला कोणता लावू?" मॉडेलवाल्याने विचारलं.

त्याच्या हातात पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या होत्या, एक उंच, एक बुटकी. चौकशीच्या खोलीतल्या टेबलावर त्यानेच केलेलं रस्त्याचं मॉडेल मांडलेलं होतं. एका बाजूला सैन्याची चौकी, समोर तीन मजली घर, घराच्या गच्चीवर एक माणूस. गच्चीचा कठडा तेवढा त्याने सुटा ठेवला होता. सैन्याच्या नकाशात तो गळ्याइतका होता आणि मेलेल्या प्लंबरची बहीण म्हणत होती कमरेइतका. खरं घर पाडून चार वर्षं झाली होती, तेव्हा मोजायला जाणार कुठे?

एरवी तो बिल्डरांची मॉडेलं करायचा. सवयीने याही रस्त्याला त्याने स्पंजची झाडं लावली होती. नोंदीत झाडं नाहीत म्हणून ती काल उपटावी लागली. गच्चीवरचा माणूससुद्धा बिल्डरांच्याच डब्यातला. त्याच्या हातातली ब्रीफकेस कापून तिथे तारेचा तुकडा चिकटवला होता. तो पाण्याचा पाइप. सहा वर्षांपूर्वी प्लंबर आपल्याच घरची टाकी दुरुस्त करत होता, त्याच्या हातातला पाइप चौकीवरून बंदुकीसारखा दिसला आणि गोळी सुटली, असं कागदोपत्री होतं.

चौकशीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. नोंदीत आहे तो लावा, म्हणाले. नोंदीत उंच होता.

बहीण भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती. गेल्या महिन्यात ती मॉडेलवाल्याच्या दुकानात आली होती, टेप स्वतःच्या कमरेला लावून तिने उंची दाखवली होती आणि याच कठड्यावर मी गाद्या उन्हात टाकायचे, असं सांगितलं होतं. तिचं खरं आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पण आपण पडलो पुठ्ठा कापणारे, आपल्याला कोण विचारतो? त्याने उंच पट्टी खाचेत बसवली. गच्चीवरचा माणूस गळ्यापर्यंत दिसेनासा झाला. मॉडेलवाल्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग गोळी झाडणाऱ्या सैनिकाला आत बोलावलं. आता तो सैन्यात नव्हता. कुठल्याशा गोदामावर पहारा करायचा आणि रात्रपाळी उरकून तसाच आला होता. सैन्याच्या वकिलांनी त्याला समजावलं की प्रश्न एकच आहे, इथून डोकं आणि पाइप एवढंच दिसत होतं ना? हो म्हणायचं आणि घरी जायचं. तो हो म्हणाला की चूक कुणाचीच नव्हती असं ठरणार होतं आणि फाइल बंद होणार होती.

सैनिक गुडघ्यांवर बसला. चौकीच्या इवल्याशा खिडकीला त्याने डोळा लावला.

"हा कठडा नाही," तो म्हणाला.

वकील खाकरले. नकाशाबरहुकूम आहे, म्हणाले.

"नकाशा नंतर काढला. यातून नुसतं डोकं दिसतंय. मला तो चांगला कमरेपासून वर दिसला होता. बनियन होतं. खांद्यावर टॉवेल होता."

विचारलंय तेवढंच सांगा, वकील म्हणाले.

"सहा वर्षं तेवढंच सांगतोय, साहेब. कंटाळा आला."

दुसरा कठडा मागितल्यासारखा त्याने न बघताच हात मागे केला. मॉडेलवाल्याने या वेळी कुणालाच विचारलं नाही. उंच पट्टी उपसली आणि बुटकी स्वतःच खाचेत बसवली. घाईत ती जरा तिरकी बसली. सैनिकाने पुन्हा डोळा लावला आणि लगेच काढून घेतला.

"हाच," तो म्हणाला. "आधी मलाही तो पाइपच वाटला होता, बंदूक नाही. तरीही मी गोळी झाडली."

वकिलांनी हरकत घेतली. प्रश्नाबाहेरचं उत्तर नोंदीत जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. टायपिस्टबाईंची बोटं थांबली आणि त्या अध्यक्षांकडे बघू लागल्या.

बहीण उठून उभी राहिली. ती रडली नाही की तिने आवाज चढवला नाही.

"लिहून घ्या ना, साहेब. इतकी वर्षं सगळे म्हणतायत, तो नीट दिसलाच नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, दिसला होता."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी झालीच होती. मग टेबलाचा आधार घेत, दुखरे गुडघे सांभाळत ते हळूहळू खाली बसले आणि चौकीच्या खिडकीला त्यांनी डोळा लावला. बराच वेळ ते उठले नाहीत.