कुंपणावरचं गवत

सकाळी सात वाजता रखवालदाराने नदीत उभ्या मार्लिसला हटकले. "आजी, बाहेर या. दोन्ही काठ साहेबांनी विकत घेतलेत." मार्लिसने मान वळवली नाही. दरवर्षी वितळलेल्या बर्फाचा पूर ओसरला की पानगळीपर्यंत ती याच डोहात ट्राउट मासे पकडायची. गळाला आमिष म्हणून बांधलेली पिसांची खोटी माशी तिने खडकामागे अलगद टाकली. "आणि नदी कुणी विकली?" "कुंपण दिसत नाही?" "दिसतंय ना. वरच्या तारेला काय लटकलंय बघ." तारेला वाळके गवत अडकले होते, जूनच्या पुराने आणलेले. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात कायद्याने दरवर्षीच्या पुराच्या खुणेपर्यंत नदी सगळ्यांची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "म्हणजे तुमचं कुंपणच नदीत आहे, बाळा. आधी ते बाहेर काढा." त्याने तिथल्या पोलीसप्रमुखाला, शेरीफला फोन लावला. पुलावर शेरीफची गाडी थांबली, तेव्हा पुराची खूण लांबूनही दिसावी म्हणून मार्लिसची टोपी त्या गवताशेजारी तारेवर लटकत होती आणि ती अजून पाण्यातच होती.