म्हणे बाळा, सो

तिसऱ्या गाण्याला आक्काताईंनी पदर नाकाला लावला, जणू मोबाईलमधून वास येत होता.

आदिती मुंबईच्या एका संगीत चॅनेलची. कसबा बावड्यातल्या आक्काताईंच्या घरी, पुढच्या सोप्यात कॅमेरा लावून बसली होती. आक्काताईंनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॅसेटवर गायलेलं गाणं पुढं कुणीकुणी गायलं, ते त्यांना दाखवून त्या काय म्हणतात हे तिला टिपायचं होतं.

पहिला एक हाडकुळा गिटारवाला. आक्काताई म्हणाल्या, ह्याला आधी कुणीतरी जेवायला घाला. दुसरं डीजेचं निघालं. सून प्रीतीच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं, तेव्हा घरात गाण्यातलं एवढ्यालाच कळतंय, असा शेरा त्यांनी मारला. तिसरी एक पोरगी, तिच्या वाट्याला नुसता पदर आला.

गाणं आक्काताईंच्या मालकांनी, बाळासोंनी रचलेलं. कॅसेटच्या कव्हरवर फक्त गाणारणीचं नाव छापलं होतं. रचणाऱ्याचं होतं ते शेवटच्या ओळीत: 'म्हणे बाळासो, तुझ्यापुढं साखर पडली फिकी.' गिटारवाल्यानं त्याचं केलं 'बाळा, सो'. डीजेनं 'सो, सो, सो' वर पोरं नाचवली. तिसरी तर 'बेबी, सो स्वीट' म्हणून मोकळी झाली. आणि तिन्ही व्हिडिओंखाली लिहिलेलं: गीत पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजे काय गं?"

ज्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नसतो ते, आदितीनं अदबीनं सांगितलं.

"मालक जाऊन सात वर्सं झाली. ह्या रेड्यांनी तर त्यास्नी जल्मालाच येऊ दिलं न्हाई की."

मग नाव कसं म्हणायला हवं होतं, हे त्यांनी रागारागानं सांगितलं. म्हणजे ते नाव न घेता, आमच्या मालकांचं नाव सलग म्हणायचं, एवढंच सांगितलं. आदिती गोंधळली.

"पण आजी, तुम्हीसुद्धा तसंच तोडून गायलाय ना?"

तिनं मूळ कॅसेटवरचं गाणं लावलं. बावीस वर्षांच्या आक्काताईंचा आवाज सोप्यात भरला. खणखणीत, कुठं कापरा नाही. शेवटची ओळ आली. 'म्हणे बाळा', आणि आवाज अडखळला. एक अख्खा श्वास रिकामा गेला. मग बारीकसा 'सो'.

आक्काताईंना रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडं बसलेली सासू दिसली, तिच्या मांडीवर आपलं तीन महिन्यांचं तान्हं. नवऱ्याचं नाव त्याआधी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यानंतरही नाही. घरात मालक, दारात आमचे हे. दवाखान्यात मालकांच्या शेवटच्या दिवशी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी नुसतं आधार कार्ड पुढं केलं होतं.

"ह्या बयेला चपलंनं हाणली पायजे," त्या मोबाईलकडं बघत म्हणाल्या.

प्रीतीनं बाळाला उगाच थोपटलं. कॅमेरा बंद करू का, असं आदितीनं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे चालू."

त्यांनी पाणी मागितलं, तांब्या अर्धा केला, तोंड पुसलं. दोनदा ओठ उघडून मिटले. मग गाण्यात नाही, साध्या बोलण्यात, एका दमात म्हणाल्या,

"बाळासो धोंडीराम कांबळे."

आणि त्यांची नजर आतल्या दाराकडं गेली, हाक मारल्यावर माणसाची जाते तशी.