रविवारचा लेख

"बाबा, बटन तुम्ही दाबता का मी दाबू?"

गुंजन दारात उभी होती. पायात बूट, खांद्यावर बॅग. पुण्याची गाडी सुटायला दीड तास होता.

धम्मदीपनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर स्क्रीनवर लेख तयार होता. 'सीए लोक ब्लॉग का लिहीत नाहीत?' विषय पोरीनंच दिलेला. ब्लॉगही तिनंच बनवला होता, गेल्या दिवाळीत. वर ऑफिसचं नाव, वर्ध्याचा पत्ता, बाप-लेकीचा फोटो. त्याखाली अकरा महिने पांढरं पान.

"एखादं कलम बदललं असेल तर पाहून घेतो."

"लेखात एकही कलम नाई, बाबा."

पैज साधी होती. गुंजन बापासारखीच सीए झाली होती आणि पुण्याच्या मोठ्या फर्मनं तिला बोलावलं होतं. ती म्हणाली होती, "गाडी सुटायच्या आत आपला एक लेख, फक्त एक, लोकांसमोर येऊ द्या. मी जात नाई. तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसते. पण दार लावून दुसऱ्याचं तपासत जिंदगी नाई काढायची मले."

तिकीट मात्र या पैजेच्या आधीच धम्मदीपनं काढून ठेवलं होतं. खिडकीजवळचं. प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणारा माणूस, त्याची तयारी असणारच.

जिन्याच्या पलीकडे समोरच्या दारावर कुंदन वकिलाची पाटी होती. दोघं शाळेपासूनचे दोस्त. कुंदनचा ब्लॉग दर रविवारी सकाळी आठला यायचा. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यापासून पुलगावच्या मास्तरीणबाईंपर्यंत सगळे वाचायचे. मृत्युपत्रावरचा लेख वाचून तर गुंजनची आई पौर्णिमा पदर तोंडाला लावून रडली होती. कायद्याचा लेख वाचून कोणी रडतं का? ती रडली. खाली प्रत्येक वेळी एकच ओळ असायची: चूकभूल द्यावी घ्यावी.

"कुंदनकाकाले जमते. तुम्हाले काऊन जमत नाई?"

"अगं, वकिलाचं चुकलं तर ते मत राह्यते. आपलं चुकलं तर ती चूक राह्यते. लोक पहिले विचारते, खाली सही कोणाची आहे?"

"मस्त बोलले. हेच लिहा ना!"

"लिहिलं ना. दुसरा परिच्छेद."

"मग टाका ना, बाबा!"

पौर्णिमा डबा घेऊन आत आली. पाटवड्यांचा वास खोलीभर झाला. तिनं डबा बॅगेत कोंबला, पुन्हा काढला, पुन्हा कोंबला.

"पोरगी थांबतो म्हणून राह्यली, अन् तुम्ही स्वल्पविराम मोजून राह्यले," ती म्हणाली. "एक बोट लागते. लग्नाच्या वेळी होकार द्यायलेही असाच उशीर केलता या माणसानं."

"होकार दिला ना पण," धम्मदीप म्हणाला.

"चार महिन्यांनी!"

तेवढ्यात कुंदन वकील नेहमीसारखे हात हलवत आत शिरले. "धम्मा, पेन दे रे. कोर्टात जायचं आहे अन् खिशात पेन नाई."

"काका, तुम्ही तरी सांगा यांले," गुंजन म्हणाली. "मागच्या रविवारचा तुमचा विहिरीवरचा लेख! दोन भाऊ अन् एक दोर. मी तीनदा वाचला."

"कोणता गं?" कुंदन पेन खिशाला लावत थबकले. "हां, तो. एवढे लेख होऊन जाते, का ध्यानातच राह्यत नाई."

"पाहा, बाबा. याले म्हणतात लिहिणं. टाकायचं अन् विसरून जायचं."

कुंदन हसले नाहीत. त्यांनी धम्मदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "टाक ना रे, धम्मा. पोरगी चालली. तिच्यासाठी तरी टाक."

धम्मदीपनं माऊसवर बोट ठेवलं. सगळे त्या बोटाकडे पाहत होते. पंखा कुरकुरत फिरत होता. त्यानं एक स्वल्पविराम खोडला. मग तोच परत टाकला. मग बोट उचललं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गाडी वेळेवर आहे का, पाह्यलं का कोणी?"

पौर्णिमा बाहेर निघून गेली. गुंजननं बॅगेची चेन कर्रकन ओढली.

"चला," ती म्हणाली.

स्टेशनवर धम्मदीपनं डब्याचा नंबर तीनदा तपासला, बॅग सीटखाली सरकवली, पाण्याची बाटली हातात दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला.

"तुम्ही वाईट नाई, बाबा," गुंजन गजांतून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र रागाचा होता. "भित्रे आहात. मले इतकं थांबायचं होतं."

"माहीत आहे."

"मग?"

"तिथं मोठं काम करजो. अन् लिहिजो. स्वतःच्या नावानं लिहिजो. कोणाले विचारत बसू नको."

गाडी हलली. तो चार पावलं बरोबर चालला.

"रविवारी कुंदनकाकांचा लेख वाचा!" ती ओरडली. "शिका काही!"

"वाचतो," तो म्हणाला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात हलवत राहिला.

मग तो बाकावर बसला, मोबाईल काढला आणि सकाळचा तो लेख कुंदनला पाठवला. खाली लिहिलं: "रविवारचा लेख. तुझ्या नावानं दोनशे तेरावा. जिथं 'आम्ही सीए' आहे तिथं 'आमचे सीए मित्र' करून घेजो. बाकी एका स्वल्पविरामालेही हात लावू नको, गुंजन वाचते."