व्हिसाचे फोटो

“छोटे फोटो?” दुकानातली निपा गोंधळून डेरेककडे बघत राहिली. “छोटे तर कुणी सांगितलेच नव्हते, काका.”

“सांगितले नव्हते म्हणजे? व्हिसाचे फोटो! गुरुवारी कचेरीत जायचंय मला. मागच्या आठवड्यात या स्टुलावर बसवून तूच काढलास ना?”

“काढला की. पण मग थोंगबायताईंचा फोन आला. म्हणाल्या, एकच कर, मोठा कर.”

डेरेकने कपाळावर हात मारला. इंग्लंडातली बसडेपोची नोकरी संपवून तो उदोनला आला, थोंगबाय या थाई बाईशी लग्न करून तिच्या गावात राहिला, त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी व्हिसा वाढवायचा. पासपोर्टच्या झेरॉक्स, बँकेचा दाखला, घराचा हाताने काढलेला नकाशा, फोटो. ही फाइल थोंगबाय महिनाभर आधीच लावून ठेवायची, एक कागद इकडचा तिकडे व्हायचा नाही. यंदा मात्र बाई ढिम्म. विचारलं की म्हणायची, “बघू हो, घाई काय आहे?” घाई काय म्हणे! मुदत संपायला बारा दिवस उरले होते, आणि म्हाताऱ्याला या वयात जायला दुसरं घर नव्हतं.

निपाने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी चौकट आणली आणि काउंटरवर ठेवून कागद सोडला.

डेरेकला आधी हसूच आलं. जन्मात दोनदा टाय बांधलेला माणूस, आणि इथे काळा कोट, निळा टाय, मागे निळं आभाळ! सगळी कॉम्प्युटरची करामत.

“गाल जरा भरून दिलेत हं,” निपा म्हणाली. “फारच बसले होते तुमचे.”

बसले होते हे खरं. दोन महिन्यांत त्याची विजार ढिली झाली होती, सकाळी उठलं की पोटात ढवळायचं. मेव्हणा खाम्फान कुठल्याशा वैदूकडून गुडघ्यांसाठी मुळ्या घेऊन आला होता. त्यांचा काढा तेव्हापासून रोज चालू होता. गुडघे आहेत तिथेच होते.

चौकट बघून तो दचकला नाही. अशी चौकट कशासाठी करतात हे त्याला ठाऊक होतं. या भागात म्हातारी माणसं आपला चांगला फोटो आधीच काढून ठेवतात, ऐनवेळी चितेपुढे मांडायला धड फोटो नको का? त्याच्या सासूनेही केला होता. नऊ वर्षं तो कपाटावर होता आणि म्हातारी त्याच्यावरची धूळ स्वतः पुसायची. त्या फोटोखाली नाव होतं, जन्मतारीख होती, पुढची जागा कोरी होती. ती मग मुलांनी भरून घेतली.

थोंगबाय तशी व्यवहारी बाई. मृत्युपत्रावरही मागच्याच महिन्यात तिने त्याची सही घेतली होती. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेली जन्माची पुंजी आपल्यामागे तिला मिळावी, यात त्याला काही गैर वाटलं नव्हतं. फोटोचंही तसंच, असं म्हणून त्याने चष्मा पुसला आणि खालच्या ओळी बघितल्या.

इथली अक्षरं त्याला अजून धड लागत नव्हती, पण आकडे लागत होते. अकरा वर्षं शिक्क्यांवरचे आकडेच तर वाचत आला होता. पहिल्या ओळीत त्याची जन्मतारीख. दुसरी ओळ कोरी. तिसरीत एकच आकडा होता, चौऱ्याहत्तर.

“हे काय गं?”

“वय, काका. एकूण वय.” निपाने चौकट स्वतःकडे वळवली. “आम्ही जागा कोरी सोडतो खरं तर. पण ताई म्हणाल्या, वय घालून टाक.”

डेरेकने काउंटरची कड घट्ट धरली. पंचवीस तारखेला तो पंचाहत्तर पूर्ण करणार होता. आज आठ.

तेवढ्यात बाहेर गाडीत थांबलेला खाम्फान आत आला. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात थर्मास. चौकट बघितली आणि हसला.

“अगं निपा, दाखवलीस होय यांना? दाजी, तुम्हाला नव्हती हो दाखवायची!”

“खाम्फान, वय चुकलंय,” डेरेक म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “सतरा दिवसांनी वाढदिवस आहे माझा. पंचाहत्तर करायला सांग.”

“लगेच करते, काका. पाच मिनिटांचं काम,” निपा उठलीच.

“राहू दे गं,” खाम्फान म्हणाला. “बरोबर आहे ते.”

निपा थबकली. तिने एकदा खाम्फानकडे बघितलं, एकदा डेरेककडे. मग मान खाली घालून ती चौकट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

“माझा पासपोर्ट कुठाय?” डेरेकने विचारलं. “मला पाहिजे तो. आत्ता.”

“आहे की ताईकडे, नीट ठेवलाय.” खाम्फानने थर्मासचं झाकण फिरवून काढलं आणि त्यात काढा ओतला, काठोकाठ. “तुम्हाला कुठं जायचंय आता, दाजी? घ्या, गरम आहे तोवर.”