सहावी पेटी

मधमाश्यांच्या पेटीवर काळं कापड दिसलं, आणि उशीला रेललेले सर लायनेल थॉर्नकोट ताठ उठून बसले.

खिडकीखाली नासपतीच्या झाडांत सहा पांढऱ्या पेट्या ओळीने होत्या. पहिलीला काळी फीत बांधून त्यांचा पुतण्या जाइल्स दुसरीकडे वळला होता. हातातल्या किल्लीने त्याने पेटीवर तीनदा टकटक केलं आणि वाकून काहीतरी पुटपुटला.

इंग्लंडच्या या श्रॉपशर परगण्यात याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांना जाऊन कळवायचं, नाव घेऊन कळवायचं. नाही कळवलं तर माश्या रुसतात आणि पेट्या ओस पडतात. सर लायनेलचे वडील गेले तेव्हाही अशाच काळ्या फिती बांधल्या होत्या.

पण आता कोण गेलं? घरात माणसं दोनच. एक जाइल्स, तो तर डोळ्यांदेखत चालत होता. दुसरे आपण.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. वारसाचीही तीच तऱ्हा.

कालपासून घरात काहीतरी शिजत होतं, यात शंका नव्हती. दाराबाहेर कुजबुज चालायची आणि ते खाकरले की थांबायची. डॉक्टरांची मोटार आली, तासभर उभी राहिली, पण डॉक्टर वर आलेच नाहीत. आणि घर नि मधमाश्या सांभाळणारी मिसेस पार्फिट गायब होती. तिच्या कमरेला असणारा किल्ल्यांचा जुडगा आज जाइल्सच्या हातात होता.

“बहिणीकडे गेल्यात, काका. लडलो गावाला,” जाइल्सने सांगितलं होतं, तेही पडद्याकडे बघत.

तीस-एक वर्षांत मिसेस पार्फिट कधी कुठल्या बहिणीकडे गेली नव्हती. तिला बहीण आहे की नाही, हेही सर लायनेलना ठाऊक नव्हतं. बाईला वाटेतून दूर केलं म्हणजे बघायला कोणी उरलं नाही, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

आणि ते सूप! कालपासून जाइल्स स्वतःच्या हाताने आणत होता. मिसेस पार्फिटच्या सुपाशी त्याचं काही नातं नव्हतं.

“घोटभर तरी घ्या ना, काका,” आज दुपारीही तो म्हणाला होता.

“आधी तू घे.”

जाइल्सने चमचाभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. “जरा खारट झालंय.”

“जरा!”

एका चमच्याने कोण मरतं? तो खाली गेल्यावर सर लायनेलनी सगळं सूप खिडकीतल्या कुंडीत ओतलं. कुंडीतलं नेचं अजून हिरवंगार होतं, पण आताशा त्यांचा नेच्यावरही भरवसा नव्हता.

ते पलंगावरून उतरले. काठी घेतली, ड्रेसिंग गाऊन आवळला आणि नोकरांच्या जिन्याने, भिंत धरत, खाली आले. स्वयंपाकघरात चूल विझलेली होती. खुंटीला मिसेस पार्फिटचा बाहेर जायचा कोट होता, आणि खाली तिचे बूट. तिच्याकडे कोट एकच होता आणि बूटही एकच जोड. मग बाई लडलोला अनवाणी गेली?

म्हणजे आधी तिला, आणि आता आपल्याला. दाराची चौकट धरून ते क्षणभर उभे राहिले, मग काठी घट्ट पकडून बागेत गेले. जाब विचारायचा तर उभ्याने विचारायचा, अंथरुणात पडून नाही. कुंपणाच्या झुडपाआड ते थांबले. जाइल्स पाचव्या पेटीपाशी वाकला होता. शब्द आता स्पष्ट ऐकू येत होते.

“...तुमची मालकीण गेली, बायांनो. परवा रात्री, झोपेतच. त्रास झाला नाही. तुम्ही मात्र जाऊ नका. काकांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांची छाती सोसायची नाही. त्या गेल्यापासून काही खातही नाहीत ते. तुम्ही तरी राहा.”

सर लायनेलच्या तोंडून सुटकेचा सुस्कारा निघाला. आपल्याला कोणी मारत नव्हतं! आणि लगेच त्या सुस्काऱ्याची त्यांना अशी लाज वाटली की काठी हातातून सुटली.

जाइल्स वळला. त्याचे डोळे सुजलेले होते.

“काका! तुम्ही खाली कसे... मी सांगणारच होतो. दोन दिवसांनी, जरा बरं वाटलं की.”

“सूप तू केलंस?”

“दुसरं कोण करणार? जमलं नाही मला.”

सर लायनेलनी मान डोलावली. त्यांनी हात पुढे केला.

“किल्ली दे. शेवटची राहिली ना? मी सांगतो तिला.”

जाइल्सने काठी उचलून दिली आणि किल्लीही. गवत ओलं होतं. सहाव्या पेटीपर्यंत जाताना सर लायनेल दोनदा थांबले, पण पुतण्याचा हात त्यांनी घेतला नाही. पेटीवर तीनदा टकटक केलं. आत गुणगुण उठली आणि मंदावली, कोणी ऐकायला थांबावं तशी.

“मिसेस पार्फिट...” त्यांनी सुरुवात केली, आणि ते अडखळले.

माश्यांना नाव सांगायचं असतं. वडिलांच्या वेळी त्यांनीच या पेट्यांना वडिलांचं सबंध नाव सांगितलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“जाइल्स,” वळून न बघताच त्यांनी विचारलं, “तिचं पाळण्यातलं नाव काय होतं रे?”